दोन बोटं रुंद

"म्हणजे त्याच्या गाडीत तुम्हाला बरं वाटलं?"

सातापा विचारत होता मिस्त्रींना, पण बघत होता भिंतीला टेकवलेल्या टायरांकडे.

गुंडू मिस्त्री बादलीतल्या पाण्यात ट्यूब फिरवत होते.

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणून काय विचारताय? बाळेशच्या."

"हं."

"हं न्हवं मिस्त्री. बरं वाटलं का न्हाई, ते सांगा."

पाण्यात बुडबुड्यांची एक बारीक रांग वर आली. मिस्त्रींनी तिथे अंगठा दाबला, ट्यूब बाहेर काढून पुसली आणि खिशातल्या खडूने भोकाभोवती गोल काढला. मग म्हणाले,

"तो उतरला. त्यानं दार उघडलं. मी बसलो."

"एवढंच?"

"एवढंच."

सातापाने जवळच्या टायरवरची माती नखाने खरवडली. त्याला याहून मोठं काहीतरी ऐकायचं होतं. मोठं काही असतं, तर त्यावर चिडता तरी आलं असतं.

गडहिंग्लजपासून थोडं बाहेर, डोंगराचा चढ सुरू व्हायच्या आधी, मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं त्यांनी टायरांचंच काम केलं. निवृत्त झाल्यावर हे दुकान टाकलं. त्यांच्या हाताखाली सहा-सात जण शिकून गेले. सातापा पहिला. बाळेश शेवटचा.

सातापाचं आता बाजारपेठेत स्वतःचं दुकान होतं. चाकाचं काही असलं तर मिस्त्रींकडे जा, नाहीतर सातापाकडे, असं लोक म्हणायचे. ते 'नाहीतर' त्याला फार गोड वाटायचं.

अलीकडे लोक तिसरंही एक नाव घेऊ लागले होते.

आणि त्या तिसऱ्याला पहिलं पंक्चर काढायला सातापानेच शिकवलं होतं. हात धरून.

मिस्त्रींनी आयुष्यभर हजारो चाकं बसवली, पण स्वतःची गाडी कधी घेतली नाही. अमावस्येला दुकान बंद ठेवून ते डोंगरावरच्या भैरोबाला जात. ज्या गाडीतून जात, तिच्या डाव्या चाकापुढे नारळ फोडत. एक वाटी देवाला, दुसरी गाडीवाल्याच्या घरी.

अकरा वर्षं ती दुसरी वाटी सातापाच्या घरी आली होती. त्याची आई ती खवून आमटीत घालायची. अमावस्येची आमटी, असंच त्या आमटीचं नाव पडलं होतं.

गेल्या अमावस्येला सातापा नेहमीच्या वेळेला दुकानापाशी आला, तर मिस्त्री नव्हते. दारातल्या ओल्या मातीत दोन रुंद पट्टे उमटले होते. त्यांच्या खाली, अर्धे पुसलेले, त्याच्या स्वतःच्या गाडीचे आदल्या दिवशीचे पट्टे. अरुंद.

त्याने खाली बसून बोटांनी मोजलं. दोन बोटांचा फरक होता.

मग उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं. आणि चपलेने ते रुंद पट्टे पुसून टाकले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "नारळ कुठाय?"

"न्हाई या टायमाला."

"का रं?"

"आमटी बिनखोबऱ्याची कर."

आईने खवणी परत फळीवर ठेवली होती.

आज, आठ दिवसांनी, तो मिस्त्रींसमोर बसला होता.

"मिस्त्री, माझ्या गाडीला रुंद टायर घालायचे म्हणतो."

"घाल."

"तुम्ही सांगा, कुठले घालू?"

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय. पण तुम्ही सांगा."

मिस्त्री ट्यूब घासू लागले.

"आता किती रुंद हायत?"

"एकशे पंचेचाळीस मिलिमीटर."

"आणि कसले पाहिजेत?"

"एकशे पंच्याऐंशी. अलॉयच्या चाकांवर. चाकं पण बदलतो."

"बाळेशचे किती?"

सातापाने ओठ चावला. "…एकशे पंचाहत्तर."

"हं."

"त्याचा संबंध न्हाई. रुंद टायर रस्ता धरतो. चढावर गाडी हलत न्हाई. मागं बसणाऱ्याला सुख लागतं."

"मागं कोण बसतंय?"

 दोघांनाही ते माहीत होतं. मागे, डावीकडे. ती जागा अकरा वर्षं ठरलेली होती.

"गाडी किती वर्षांची?"

"सव्वीस."

"चाक निवडताना काय बघायचं, सांग बघू."

सातापा हसला. नऊ वर्षं त्याने हे पाठ केलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

"चाकामागची जागा. स्प्रिंग किती बसल्यात. आणि गाडीत कोण कोण बसणार."

"मग झालं तर. बघ आणि घाल."

सातापा उठला. चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले,

"अमावस्येला माझ्या दारात चपलेनं काय पुसलंस?"

सातापाने पायातल्या चपलांकडे बघितलं.

"…चिखल होता, मिस्त्री."

"हं."

ते पुन्हा ट्यूब घासू लागले.  आणखी काही विचारतील असं त्याला वाटलं… त्यांनी विचारलं नाही.

चाकं बेळगावहून आली. चांदीसारखी चकचकीत, पाच आऱ्यांची. सातापाने एका बुधवारी दुपारी ती स्वतःच्या हाताने बसवली. टायरांना पॉलिश मारलं. मग दहा पावलं मागे जाऊन बघितलं.

तो मागूनच बघत होता. पुन्हा पुन्हा. कारण चढावर बाळेशची गाडी मागे असेल, आणि त्याला ती मागूनच दिसेल.

बायको अंजना चहा घेऊन आली.

"कशी दिसती?"

तिने कप ठेवला आणि मान तिरकी करून बघितलं.

"म्हाताऱ्या माणसानं नातवाचे बूट घातल्यागत."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"न्हाई कळत. पण बूट छान हायत."

तो हसला नाही. तीही मग हसू आवरून आत गेली.

चाकं बसवल्यावर एक काम उरतं. चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेला खडू घासायचा, गाडी चालवायची, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायचं, खड्ड्यातून न्यायची. टायर पत्र्याला लागत असेल तर खडू पुसला जातो आणि टायरवर पांढरी रेघ उठते. हे मिस्त्रींनी शिकवलं होतं. त्यातही मिस्त्रींची एक रीत होती. रिकाम्या गाडीवर खडू लावायचा नाही. रोज जे बसतात ते सगळे बसवायचे आणि मग लावायचा.

सातापा ही रीत इतकी पाळायचा की गिऱ्हाइकं वैतागायची. एकदा एकाने नवी चाकं घातली, तर सातापाने त्याच्या सासूला भाजीबाजारातून बोलावून आणलं होतं. ती बाई मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली होती. "माझं वजन करतोस व्हय रं, मुडद्या?" म्हणाली होती. सगळी पेठ हसली होती.

त्या बुधवारी सातापाने खडू लावला आणि एकटाच गाडीत बसला.

अंजना आत होती. आई ओसरीवर होती. हाक मारली असती तर दोघी आल्या असत्या.

पण वाटेत बाळेशचं दुकान लागायचं. एकट्याने जावं, काच खाली करावी, हात बाहेर टाकावा, असं त्याच्या मनात होतं. आई आणि बायको बरोबर असल्या की तसं जाता येत नाही.

तो गेला. बाळेश दुकानात नव्हता.

परत येऊन त्याने खडू बघितला. जसाच्या तसा होता.

रात्री त्याचे खांदे दुखत होते. रुंद टायरांनी स्टिअरिंग जड झालं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

अमावस्या आली. सातापा या खेपेला तासभर आधीच निघाला. पुढे आई, कारण तिला गुडघ्यांनी मागे चढता येत नाही. मागे उजवीकडे अंजना. डावी जागा रिकामी.

दुकानापाशी त्याने गाडी उभी केली आणि नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला. इंजिन चालूच ठेवलं.

मिस्त्री पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत नारळ. दारात दुसरी गाडी नव्हती, मातीत दुसरे पट्टे नव्हते. सातापाने काच पूर्ण खाली केली.

मिस्त्री थेट बसले नाहीत. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायर आणि पत्रा यांच्यामधे त्यांनी बोटं घालून बघितली. दोन जाईनात. एक गेलं.

"खडू लावलास?"

"लावला. लागत न्हाई कुठं."

"कोण बसलं होतं?"

सातापाने आरशात बघितलं. आरशात अंजना होती, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

"माझी गाडी हाय मिस्त्री. मला ठावं हाय ती."

"बरं."

मागच्या डाव्या दाराची कडी जुनी होती. वर उचलून ओढावी लागायची, आणि पहिल्या खेपेला ती कधीच लागायची नाही. मिस्त्रींनी दोनदा ओढली. दार उघडलं. ते बसले.

गाडी निघाली.

"मिस्त्री, कसं वाटतंय?" सातापाने अर्ध्या मैलावरच विचारलं.

"काय?"

"बसायला."

"सीट तीच हाय की."

अंजनाने पदर तोंडाला लावला.

चढ सुरू झाला. सातापा बोलायला लागला. टायर कुठून मागवले, चाकं कशी निवडली, त्यांच्यावर आता पावसातसुद्धा गाडी कशी पकडून राहील. बोलता बोलता तो आरशात मागचा रस्ताही बघत होता. मागे कुणी नव्हतं.

पहिलं वळण गेलं.

दुसऱ्या वळणाला मागून आवाज आला. खर्र…

सातापा जरा मोठ्याने बोलायला लागला.

तिसऱ्या वळणाला आवाज थांबेचना. खर्र… खर्र… खर्र… आणि जळक्या रबराचा वास.

"काय तरी कराकरा वाजाय लागलंय रं," आई म्हणाली.

"रस्ता खराब हाय, आई."

मागून मिस्त्रींचा आवाज आला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"रस्ता गेल्या साली होता तोच हाय."

सातापाने आणखी एक वळण काढलं. मग त्यालाच ऐकवेना. इतकी वर्षं हा आवाज त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांमधे ऐकला होता आणि दुसऱ्यांना रागावला होता. त्याने गाडी कडेला घेतली.

कुणी उतरलं नाही. 

मिस्त्रींनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि दोन सीटांच्या मधून हात पुढे केला.

"लाव."

सातापाने तो घेतला. खाली उतरला, मागच्या डाव्या चाकापाशी रस्त्यावर पाठ टेकली आणि पत्र्याच्या आतल्या कडेला खडू घासला. वर, काचेआड, मिस्त्रींची टोपी दिसत होती. ते बरोबर त्या चाकावर बसले होते.

त्याने गाडी थोडी मागे घेतली. वळणावरून पुन्हा वर आणली. उतरला.

टायरच्या खांद्यावर पांढरी रेघ उठली होती. अख्ख्या चाकावर गोल फिरलेली. कडेचा खडू पुसून गेला होता.

"हळू हळू गेलो तर…" तो म्हणाला.

"वर वळणं किती?" मिस्त्रींनी आतूनच विचारलं.

"पाच."

"गिऱ्हाईक असतं तर काय सांगितलं असतंस?"

सातापाने घाम पुसला. कपाळाला खडू लागला.

"…टायर फाटंल, म्हटलं असतं. एक माणूस उतरवा, म्हटलं असतं."

"मग उतरव."

"कुणाला?"

"ते तू बघ."

सातापाने गाडीत बघितलं.

आई पुढे बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि सावलीचं झाड नव्हतं. अंजना पहाटेपासून उपाशी होती, नैवेद्याचा डबा मांडीवर धरून. आणि त्या चाकावर… तिकडे त्याला बघवेना.

आईने काही न बोलता दाराची कडी शोधायला सुरुवात केली.

"आई, तू बस."

"अरं, मी बसती की इथं दगडावर. तुम्ही येताना मला घ्या."

"बस म्हणतो न्हवं!"

तो ओरडला तशी अंजना म्हणाली, "माझ्यावर ओरडा. त्यांच्यावर नको. मी चालती. सरा."

"तूही बस."

"मग चाकं उतरवा की! सगळ्यांना बस म्हणताय, गाडी कशावर न्हेणार?"

 जुनी चाकं घरी परसात पडली होती. ती आणायची म्हणजे खाली जाऊन यायला दुपार टळली असती, आणि बाळेश तर येतच असणार.

हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. आई उन्हात बसायला निघाली होती, आणि तो बाळेशचा विचार करत होता.

दार उघडल्याचा आवाज आला.

मिस्त्री खाली उतरले. पिशवी सीटवरच राहिली. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

गाडी मागून बोटभर वर उचलली गेली.

"आता बघ," ते म्हणाले.

"मिस्त्री, तुम्ही न्हाई…"

"खडू लाव. बघ."

त्याने खडू लावला. गाडी वळणावरून नेली, आणली. कुठेही आवाज नाही. उतरून बघितलं. कडेचा खडू जसाच्या तसा. टायर आणि पत्रा यांच्यामधे आता दोन बोटं जात होती.

मिस्त्री जवळ आले. वाकून त्यांनी चाक बघितलं, नट चाचपले, टायरवरून हात फिरवला. चांगलं काम बघताना त्यांची मान जशी हलायची, तशी हलली.

"काम चोख केलंयस. चाकं अगदी बरोबर बसल्यात."

नऊ वर्षांच्या शिकण्यात हे वाक्य सातापाला तीनदाच मिळालं होतं. आज चौथ्यांदा मिळालं.

"मिस्त्री… ही चाकं मी तुमच्यासाठी घातली."

"म्हणून तर उतरलो."

…

खालून हॉर्न ऐकू आला. वळणावरून बाळेशची पांढरी गाडी वर आली आणि त्यांच्या मागे थांबली. रुंद टायर, आवाज नाही, काही नाही. त्याच्या गाडीला ते टायर पहिल्यापासूनच होते. त्याने निवडलेसुद्धा नव्हते.

बाळेश काच खाली करून ओरडला.

"सातापादा! काय रुबाब! माझ्यापेक्षा रुंद घातलेस व्हय? आता मला तोंड लपवून चालवाय पाहिजे गाडी!"

तो खरोखर खूश झाला होता. सातापाला ते दिसलं, आणि तेच जास्त लागलं. बाळेशने दात ओठ खाल्ले असते तर बरं झालं असतं.

"का थांबलाय? पंक्चर?"

 बाळेशने उन्हात उभ्या मिस्त्रींकडे बघितलं, मग सातापाच्या कपाळावरच्या खडूकडे, मग मागच्या चाकाकडे. तो मिस्त्रींचा विद्यार्थी होता. त्याला समजलं. त्याचं हसू गेलं.

"मिस्त्री, या की माझ्यात. मी एकलाच हाय. बाळंतीण आणि लेकरू घरी हाय."

मिस्त्री हलले नाहीत. ते सातापाच्या गाडीतून निघाले होते. खाली बघत ते तसेच उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर टोपी होती, पण मानेवर घाम आला होता. ऐंशी वर्षांची मान.

बाळेश उतरला. गाडीला वळसा घालून मागच्या डाव्या दाराकडे निघाला.

"थांब," सातापा म्हणाला.

बाळेश थांबला. अंजनाने डबा घट्ट धरला. सातापाचा चेहरा तिला ओळखीचा होता. आठ-पंधरा दिवस ती तो बघत होती. मागच्या वेळी असा चेहरा झाला तेव्हा त्याने भिंतीवरचं कॅलेंडर ओढून फाडलं होतं, कारण त्यावर बाळेशच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं.

सातापा चालत बाळेशच्या गाडीपाशी गेला.

जाताना त्याला मातीत उमटलेले पट्टे दिसले. आत्ताच उमटलेले, रुंद, स्वच्छ. चपलेखाली येत होते. त्याने पाऊल लांब टाकलं आणि ते ओलांडले.

दाराची कडी गुळगुळीत होती. तिला वर उचलायला लागलं नाही. हाताला नुसती लागली आणि दार उघडलं. त्याला वाटलं होतं त्याहून किती हलकं…

मनात मात्र हलकं झालं नव्हतं. आत जळत होतं तसं जळतच होतं. त्याने दार उघडं धरून ठेवलं.

"बसा, मिस्त्री."

मिस्त्रींनी वर बघितलं. पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग सावकाश आले. आत बसताना त्यांचा तोल जरासा गेला, तेव्हा सातापाने त्यांच्या कोपराला हात दिला. तो कोपर इतका बारीक झालाय हे त्याला माहीत नव्हतं. अकरा वर्षं तो पुढेच बसून असायचा.

दार लावायच्या आधी त्याला आठवलं. तो आपल्या गाडीकडे परत गेला. सीटवरची पिशवी उचलली. आत नारळ होता. आई बघत होती.

"आई, आज पण आमटी…"

"बिनखोबऱ्याची पण बरी लागती," आई म्हणाली. "पिशवी देऊन ये जा."

त्याने पिशवी मिस्त्रींच्या मांडीवर ठेवली.

"नारळ बाळेशच्या चाकापुढं फोडा." आवाज कोरडा निघाला. त्याने पुन्हा म्हटलं, "घरात बाळंतीण हाय त्याच्या."

बाळेश काहीतरी बोलणार होता. मिस्त्रींनी हाताने त्याला गप्प केलं.

त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली. उघड्या दारातून त्यांनी हात बाहेर काढला आणि सातापाच्या कपाळावरचा खडू अंगठ्याने पुसला.

"अकरा वर्षं झाली, सातापा," ते म्हणाले. "आज तू उतरलास, दार उघडलंस. आज तुझ्या गाडीत बसलो."